काळ्या कातळातला कार्बन

मुंबईच्या उपनगरांना वीज देण्यासाठी 1929 मध्ये ‘बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय’ ही कंपनी स्थापन झाली. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर ही तेव्हा साष्टी बेटावरची गावे होती. भातखाचरे, मिठागरे, ताडामाडाच्या वाड्या आणि दगडाच्या खाणी यांवर त्यांचा संसार चाले. ही कंपनी स्वतः वीज तयार करत नसे. टाटांकडून घाऊक वीज घ्यायची आणि उपनगरांत घरोघर पोचवायची, एवढेच तिचे काम होते. टाटांची वीज मुख्यतः सह्याद्रीच्या पाण्यावर बनत असे. खोपोलीचे केंद्र 1915 मध्ये सुरू झाले होते आणि त्यामागून भिवपुरी व भिरा ही केंद्रे उभी राहिली होती. उपनगरांतले सुरुवातीचे दिवे असे पावसाच्या पाण्यावर पेटले.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत हे चित्र पालटले. साष्टीच्या आग्नेय टोकाला, तुर्भे आणि माहुलच्या किनाऱ्यावर, 1954 मध्ये स्टॅनव्हॅक या अमेरिकी कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. पुढच्याच वर्षी त्याच्या शेजारी बर्मा-शेलचा कारखाना आला. 1956 मध्ये टाटांचे तुर्भे औष्णिक वीज केंद्र चालू झाले आणि साठच्या दशकात खतांचा कारखानाही उभा राहिला. माहुलच्या कोळी आणि आगरी वस्त्यांच्या डोक्यावर धुराड्यांची रांग लागली. सत्तरच्या दशकात दोन्ही तेलकंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. 1974 मध्ये एस्सोच्या, म्हणजे पूर्वीच्या स्टॅनव्हॅकच्या, व्यवसायातून हिंदुस्तान पेट्रोलियम जन्मली आणि 1976 मध्ये बर्मा-शेल सरकारच्या ताब्यात येऊन तिची पुढे भारत पेट्रोलियम झाली. मालक बदलले, धूर तोच राहिला. त्या धुरातल्या गंधकाची आणि काजळीची तक्रार चेंबूरचे रहिवासी तेव्हापासून करत आले आहेत. कार्बन डायऑक्साइडला रंग नाही, वास नाही. त्याची तक्रार कोणी करायची, हा प्रश्नच त्या काळी नव्हता.

1974 हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे ठरले. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवर ‘सागर सम्राट’ या तरत्या यंत्रमंचाने समुद्रतळाला भोक पाडले आणि 19 फेब्रुवारीला तेल लागले. 21 मे 1976 रोजी उत्पादन सुरू झाले. बॉम्बे हाय हे नाव घराघरांत पोचले. देशाच्या तेलाच्या गरजेचा मोठा हिस्सा त्या एका क्षेत्राने वर्षानुवर्षे उचलला. तिथले तेल प्रामुख्याने चुनखडीच्या एका जाड थरात, समुद्रतळाखाली तेराशे-चौदाशे मीटरवर साठलेले आहे. त्या चुनखडीच्याही तळाशी बऱ्याच भागात दख्खनचा काळा बेसाल्ट आहे. अंधेरीच्या टेकड्यांमधला खडक हाच. पन्नास वर्षांपूर्वी तेलाच्या शोधात निघालेल्या लोकांना त्या बेसाल्टाशी काही कर्तव्य नव्हते. ड्रिल बेसाल्टाला टेकली की विहीर संपली, असेच बहुधा मानले जाई.

त्याच समुद्रात, वसईच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साउथ बसीन क्षेत्रात, नैसर्गिक वायूचा मोठा साठा सापडला. हा वायू समुद्राखालच्या नळांतून गुजरातेत सुरतेजवळच्या हजिरा येथे नेला जातो. तो जसाच्या तसा वापरता येत नाही, कारण त्यात हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड मिसळलेले असतात. हजिऱ्याच्या प्रकल्पात हे दोन्ही धुऊन वेगळे काढतात. गंधकाची विक्री होते. कार्बन डायऑक्साइडला गिऱ्हाईक नसल्याने त्याची वाट आकाशाकडे जाते. पुढची सारी कथा या एका वाटेभोवती फिरते, म्हणून ती लक्षात ठेवायला हवी.

कार्बन डायऑक्साइड मुद्दाम जमिनीत सोडण्याचा मोठा उद्योग पहिल्यांदा टेक्सासात, सॅक्रॉक नावाच्या तेलक्षेत्रात, 1972 मध्ये सुरू झाला. हेतू शुद्ध व्यापारी होता. तेलविहिरीतले सहज येणारे तेल काढून झाले, पाण्याच्या दाबाने ढकलून आणखी काही मिळाले, तरी खडकाच्या छिद्रांत निम्म्याहून अधिक तेल चिकटून राहू शकते. दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड त्या तेलात विरघळतो, तेल फुगते, पातळ होते आणि वाहू लागते. थोडा वायू तेलाबरोबर वर येतो, बाकीचा खालीच अडकतो. जमिनीत साठवण झाली ती अशी, तेल काढता काढता. त्यासाठीचे पंप, नळ आणि विहिरींची तोंडे बंद करण्याची रीत हे सगळे कसब तेलकंपन्यांच्या हाती आधीच आले होते. हवामानाची चिंता पुढे आली तेव्हा हे काम जाणणारे लोक तेलधंद्यातच सापडले, हा योगायोग नव्हता.

हवामानासाठी म्हणून वायू गाडण्याचे पहिले मोठे काम नॉर्वेत झाले आणि त्याची कथा हजिऱ्याशी विलक्षण जुळते. उत्तर समुद्रातल्या स्लाइपनर क्षेत्रातल्या वायूत सुमारे 9 टक्के कार्बन डायऑक्साइड होता. विकण्याजोगा वायू करायचा तर ते प्रमाण अडीच टक्क्यांवर आणणे भाग होते. म्हणजे वेगळे काढणे आलेच. नॉर्वे सरकारने 1991 मध्ये समुद्रातल्या तेल-वायू उद्योगाच्या उत्सर्जनावर कर बसवला. स्टॅटऑइल या सरकारी कंपनीने हिशेब केला. कर भरत राहण्यापेक्षा वायू पुन्हा खाली ढकलणे स्वस्त पडत होते. 1996 पासून समुद्रतळाखाली आठशे ते हजार मीटरवरच्या उत्सिरा नावाच्या वालुकाश्मात दरवर्षी दहा लाख टनांच्या आसपास वायू जाऊ लागला. वर चिकणखडकाचा जाड थर झाकणासारखा आहे. भूकंपलहरींच्या साहाय्याने काढलेल्या चित्रांत वायूचा पसरत जाणारा ढग वर्षांमागून वर्षे दिसत राहिला आणि तो झाकणाखालीच राहिला.

साउथ बसीन आणि स्लाइपनर ही दोन्ही समुद्रातली वायुक्षेत्रे. दोन्ही चालवणारी कंपनी सरकारी, आणि वेगळा काढलेला वायूही तोच. फरक एका कराचा होता.

भारतात तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाने, म्हणजे ओएनजीसीने, या शतकाच्या पहिल्या दशकात टेक्सासचा मार्ग अभ्यासला. हजिऱ्याचा कार्बन डायऑक्साइड नळाने अंकलेश्वरला न्यायचा आणि 1960 मध्ये सापडलेल्या त्या म्हाताऱ्या क्षेत्रातून आणखी तेल काढायचे, अशी ती योजना होती. प्रयोगशाळेतले आणि संगणकावरचे काम झाले, पण नळ पडला नाही. जुलै 2019 मध्ये इंडियन ऑइल आणि ओएनजीसी यांनी आणखी एक करार केला. बडोद्याजवळच्या कोयली कारखान्यातला वायू पकडून गांधार तेलक्षेत्रात सोडण्याचा तो बेत होता. 2022 मध्ये ओएनजीसीने शेल आणि नॉर्वेची इक्विनॉर, म्हणजे पूर्वीची स्टॅटऑइल, यांच्याशीही या विषयावर सामंजस्य करार केले. करारांची ही मालिका बरीच लांब आहे. 2025 अखेर भारतात व्यावसायिक पातळीवर कार्बन साठवणारे एकही क्षेत्र चालू नव्हते.

दरम्यान उपनगरांची विजेची भूक वाढत गेली होती. बॉम्बे सबर्बन कंपनीला केवळ टाटांच्या विजेवर भागवणे जड जाऊ लागले. 1995 मध्ये डहाणूला तिचे स्वतःचे कोळशावर चालणारे केंद्र सुरू झाले. 250 मेगावॅटचे दोन संच, मिळून 500 मेगावॅट. ही कंपनी नंतर रिलायन्सकडे आणि 2018 मध्ये अदानींकडे गेली. अंधेरी ते दहिसर आणि पूर्वेकडे घाटकोपर-विक्रोळीपर्यंतच्या कित्येक घरांत आजही डहाणूच्या कोळशाची वीज येते. मुलुंड-भांडुपचा भाग राज्याच्या महावितरणकडे आहे, पण तिथली वीजही मुख्यतः कोळशाचीच आहे.

कोळशाच्या एका युनिट विजेमागे ढोबळमानाने 900 ग्रॅम ते एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. 500 मेगावॅटचे केंद्र तासभर पूर्ण क्षमतेने चालले की 5 लाख युनिट वीज तयार होते आणि साडेचारशे ते पाचशे टन वायू चिमणीतून निघतो. या हिशेबाने स्लाइपनर जेवढा वायू वर्षभरात गाडते तेवढा डहाणूसारखे केंद्र तीनेक महिन्यांत हवेत सोडू शकते. मोजमापाचा हा अंदाज आल्याशिवाय साठवणीच्या गप्पा पोकळ राहतात.

हा वायू गाडायचा तर कुठे? गाळाच्या खडकांची क्षेत्रे गुजरातेत आहेत, कृष्णा-गोदावरीच्या मुखाशी आहेत, मुंबईपासून समुद्रात आत आहेत. महाराष्ट्राच्या जमिनीचा बहुतांश भाग मात्र बेसाल्टाखाली आहे. तेलकंपन्यांचे सगळे ज्ञान सच्छिद्र वालुकाश्म आणि चुनखडी यांच्याभोवती वाढलेले होते. लाव्हा गोठून झालेल्या टणक खडकात वायू मावेल कुठे, हा साधा प्रश्न होता. त्याचे उत्तर विहिरी खोदणाऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत होते.

दख्खनचा पठारी खडक एकसंध नाही. एकावर एक लाव्हाचे शेकडो थर साचले आहेत. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट, काळा, ज्यावर सुरुंगही कष्टाने चालतो असा असतो. वरचा भाग मात्र जाळीदार असतो, कारण गोठताना लाव्हातले वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर येऊन तिथेच अडकलेले असतात. दोन थरांच्या मधे कुठेकुठे तांबडी, भाजक्या विटेसारखी माती सापडते. गावोगावच्या विहिरींना पाणी लागते ते या जाळीदार भागात आणि भेगांमध्ये. घट्ट कातळ पाणी अडवतो. कान्हेरीच्या भिक्षूंनी बोरिवलीच्या डोंगरात लेण्यांबरोबर पाण्याच्या पोढी कोरल्या, त्या कित्येक शतके पाणी धरून आहेत. तो खडक ज्वालामुखीच्या तुकड्यांचा बनलेला असल्याने त्याची जात थोडी वेगळी आहे, पण ज्वालामुखीजन्य खडकाचे हे दोन्ही गुण तिथे एकत्र दिसतात. जो थर पाणी धरू शकतो तो वायूही धरू शकतो आणि जो पाणी अडवतो तो वायूलाही अडवू शकतो.

याहून महत्त्वाची गोष्ट खडकाच्या रसायनात आहे. मालाड आणि कांदिवलीच्या जुन्या खाणींतून निघालेला बेसाल्टाचा तुकडा हातात घेतला तर त्यात बदामाच्या आकाराच्या पोकळ्या दिसतात. त्यांतल्या काही फिकट हिरव्या प्रेनाइटने भरलेल्या असतात, काही सुईसारख्या पांढऱ्या झिओलाइटने, तर काही दुधी कॅल्साइटने. जगभरातल्या खनिजसंग्राहकांना या खाणी त्यासाठीच ठाऊक आहेत. कॅल्साइटवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की तो फसफसतो. फेसातून निघतो तो कार्बन डायऑक्साइड. कोट्यवधी वर्षांपूर्वी खडकातून फिरणाऱ्या गरम पाण्याने वायू आणला, बेसाल्टातून सुटलेल्या कॅल्शियमशी त्याची गाठ पडली आणि दोघांचा मिळून दगड झाला. तेव्हापासून तो तिथेच आहे. मालाडच्या त्या दगडात जे निसर्गाने सावकाश केले तेच माणसाला घाईने करून हवे आहे.

या खडकाच्या जन्मकथेत एक उलटी बाजूही आहे. 6 कोटींहून अधिक वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा बाहेर आला तेव्हा त्याने प्रचंड प्रमाणात कार्बन डायऑक्साइड वातावरणात ओतला. डायनोसॉरांच्या अंताच्या चर्चेत म्हणूनच दख्खनचे नाव हमखास निघते. आणि तो गोठल्यापासून हाच खडक वायू परत शोषतो आहे. पावसाच्या पाण्यात किंचित कार्बन डायऑक्साइड विरघळतो, ते सौम्य आम्ल बेसाल्ट झिजवते आणि कार्बन नद्यांवाटे समुद्रात जातो. सह्याद्रीवर कोसळणाऱ्या पावसाने हे काम अखंड चालू आहे. अंधेरीचा गिल्बर्ट हिल, सुमारे 200 फूट उंचीचे उभ्या स्तंभांचे ते काळे शिखर, त्याच लाव्हाचा उरलेला अवशेष आहे. भोवतालचा खडक खाणवाल्यांनी इमारतींसाठी फोडून नेला. माथ्यावर गावदेवीचे देऊळ आणि पायथ्याशी खेटून इमारती, अशा स्थितीत तो उभा आहे. 

बेसाल्टात वायू साठवण्याची कल्पना गंभीरपणे पुढे आली ती या शतकाच्या पहिल्या दशकात. अमेरिकेच्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी 2006 मध्ये लाव्हाच्या पठारांची क्षमता मांडली. भारतात एनटीपीसी ही सरकारी वीजकंपनी आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांनी त्याच प्रयोगशाळेच्या सहकार्याने दख्खनचा अभ्यास हाती घेतला. कोळसा जाळणाऱ्या कंपनीने दख्खनच्या कातळाकडे साठवण म्हणून पाहण्याचा तो आरंभ होता. 2006 मध्येच भारतीय संशोधकांच्या एका अंदाजात देशातल्या बेसाल्टाच्या वाट्याला 200 अब्ज टन साठवण धरली गेली. हा आकडा कागदावरचा होता. खडकात वायू सोडून कोणी पाहिलेले नव्हते.

ते पाहिले गेले आइसलँडमध्ये. तिथल्या भूऔष्णिक वीज कंपनीने विद्यापीठांना हाताशी धरून कार्बफिक्स नावाचा प्रयोग केला. 2012 मध्ये दोन-सव्वादोनशे टन वायू पाण्यात विरघळवून चारशे ते आठशे मीटर खोल बेसाल्टात सोडला. सोड्याच्या बाटलीतले पाणी जसे असते तसे ते पाणी. 2016 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा भूवैज्ञानिक चकित झाले. शतके लागतील असे वाटणारे काम दोन वर्षांच्या आत झाले होते आणि 95 टक्क्यांहून अधिक वायूचे कार्बोनेट खनिज बनले होते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या वालुला येथे 2013 मध्ये 977 टन वायू पाण्याशिवाय, थेट दाबाखाली, कोलंबिया नदीच्या बेसाल्टात सोडला गेला. दोन वर्षांनी काढलेल्या गाभ्याच्या नमुन्यांत पोकळ्यांमध्ये नव्या कार्बोनेटच्या गाठी सापडल्या. कोलंबियाचा बेसाल्ट दख्खनच्या बेसाल्टाचा जवळचा नातेवाईक मानला जातो. आइसलँडच्या प्रयोगापेक्षा महाराष्ट्राला वालुलाचा प्रयोग जास्त उपयोगाचा आहे, आणि त्याचे कारण पाण्यात आहे. कार्बफिक्सच्या रीतीत एक टन वायूमागे सुमारे 25 टन पाणी लागते. मराठवाड्यात टँकर फिरत असताना एवढे पाणी जमिनीत सोडण्याची भाषा कोणी करू शकणार नाही. समुद्राचे पाणी वापरण्यावर संशोधन चालू आहे आणि किनाऱ्यालगतच्या केंद्रांसाठी तो मार्ग विचारात घेण्याजोगा आहे.

या साऱ्या प्रयत्नांचे भारतातले केंद्र पुढे मुंबईच्या उपनगरातच आले. पवई तलावाच्या काठी 1958 मध्ये सुरू झालेल्या आयआयटीत पृथ्वीविज्ञान विभागाचे प्रा. विक्रम विशाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरच्या खडकांची पद्धतशीर मोजदाद केली. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात भारताची सैद्धांतिक साठवण क्षमता 395 ते 614 अब्ज टन धरली आहे. तिच्यात खोल खाऱ्या पाण्याच्या थरांचा वाटा 291 अब्ज टनांचा. बेसाल्टाचा वाटा 97 ते 316 अब्ज टन. तेलक्षेत्रांचा वाटा अवघा साडेतीन अब्ज टनांच्या आसपास. देशाचे वर्षाचे कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन सुमारे 3 अब्ज टन आहे, म्हणजे तेल काढता काढता वायू गाडण्याचा टेक्सासचा मार्ग एका वर्षाच्या धुराला जेमतेम पुरेल. ओएनजीसीच्या करारांत हीच वाट पुन्हापुन्हा धरली गेली, कारण तिथे तेलाचा पैसा दिसत होता. बेसाल्टात तेल नाही. तिथे गाडलेल्या वायूचे मोल सरकारने ठरवले तरच ठरणार.

बेसाल्टाच्या दोन आकड्यांमधले तिपटीहून जास्त अंतरही नीट पाहायला हवे. 97 आणि 316 यांच्यामधली जागा म्हणजे न खोदलेल्या विहिरींची संख्या आहे, असे म्हणता येईल. खडकाचा कोणता थर किती जाळीदार, भेगा कुठे जातात, जुन्या खनिजांनी पोकळ्या किती बुजवल्या आहेत, हे नकाशावर बसून कळत नाही. मालाडच्या दगडाचा अर्थ इथे उलटाही लागतो. ज्या पोकळ्या कॅल्साइटने आणि झिओलाइटने आधीच भरल्या आहेत त्यांत नव्या वायूला जागा उरलेली नाही.

फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने कार्बन पकडण्याच्या संशोधनासाठी दोन राष्ट्रीय केंद्रे जाहीर केली. एक बंगळूरला, दुसरे पवईत. त्याआधी नोव्हेंबर 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत पवईच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक्सप्राइझ स्पर्धेचे अडीच लाख डॉलरचे पारितोषिक मिळाले होते. वायू पकडून त्याचे क्षारांत रूपांतर करण्याचे त्यांचे तंत्र होते. नोव्हेंबर 2022 मध्ये नीती आयोगाने या विषयावरचा धोरण अहवाल काढला आणि 2050 पर्यंत वर्षाला 75 कोटी टन वायू पकडण्याचे लक्ष्य सुचवले. स्लाइपनरसारखे साडेसातशे प्रकल्प, असा त्याचा अर्थ होतो. 2025 मध्ये एनटीपीसीने झारखंडमधल्या पकरी बरवाडीह कोळसा खाणीत सुमारे 1,200 मीटर खोलीची पहिली साठवण-विहीर खोदायला घेतली. दख्खनचा अभ्यास करणाऱ्या कंपनीने पहिली विहीर कोळशाच्या पट्ट्यात खोदावी, यात आश्चर्य नाही. तिची केंद्रे आणि खाणी तिकडे आहेत.

महाराष्ट्रात खोल बेसाल्टाला भोक पाडले गेले ते दुसऱ्याच कारणाने. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे दोनशे माणसे दगावली. धरणाच्या जलाशयातले पाणी खोल भेगांत शिरून भूकंपाला चालना देते, हे जगाला कोयनेने शिकवले. त्याचा छडा लावण्यासाठी केंद्र सरकारने कराडला प्रयोगशाळा उभारली आणि 2017 मध्ये कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल विहीर पुरी झाली. सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसाल्ट संपला आणि खाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागला. दख्खनच्या पोटाचे इतके नेमके दर्शन आधी फारसे झाले नव्हते. खोलवर दाबाने काही सोडणाऱ्या प्रत्येक योजनेला कोयनेचा धडा लागू आहे. अल्जीरियातल्या इन सालाह येथे बीपी, स्टॅटऑइल आणि सोनात्राक या कंपन्यांनी 2004 पासून वायू गाडला. वरची जमीन किंचित फुगल्याचे उपग्रहांनी टिपले, झाकणखडकाबद्दल शंका आली आणि 2011 मध्ये काम थांबवावे लागले. डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर 2018 पासून छोट्या भूकंपांची मालिका सुरू झाली. रात्री लोक घराबाहेर झोपले, आश्रमशाळांतली मुले तंबूंत राहिली. उपनगरांचे कोळसा केंद्र नेमके त्याच पट्ट्यात आहे. चिमणीच्या शेजारीच वायू गाडावा, ही सोपी कल्पना डहाणूत टिकत नाही.

उपनगरांच्या पोटातही तो गाडता येणार नाही. हवेपेक्षा जड असलेला हा वायू गळला तर सखल भागात साचतो. 22 फेब्रुवारी 2020 रोजी अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या सटार्शिया गावाजवळ वायूचा नळ फुटला तेव्हा दोनशेहून अधिक लोकांना हलवावे लागले आणि कित्येक जण रुग्णालयात दाखल झाले. गाव लहान होते, आजूबाजूला मोकळी जमीन होती. माहुलचा वायू गोवंडी-मानखुर्दमधून नळाने नेण्याचा विचार कोणी मांडला तर हा प्रसंग पहिल्यांदा वाचावा. तुर्भ्याला जो मार्ग उरतो तो समुद्राचा आहे. बॉम्बे हायच्या चुनखडीवरचे झाकण लाखो वर्षे तेल धरून आहे आणि त्या थरांची पन्नास वर्षांची मोजमापे ओएनजीसीच्या दप्तरी आहेत. त्याच क्षेत्रात शेकडो जुन्या विहिरीही आहेत. प्रत्येक जुनी विहीर नीट बुजवलेली नसेल तर ती वायूची शिडी होऊ शकते.

खर्चाची बाजू याहून कठीण आहे. कोळशाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड साधारण 12 ते 15 टक्के असतो, बाकी बहुतेक नायट्रोजन. तो वेगळा काढायला केंद्राच्या स्वतःच्याच विजेचा आणि वाफेचा मोठा हिस्सा खर्ची पडतो. हजिऱ्यासारख्या ठिकाणी वायू आधीच वेगळा झालेला असतो, त्यामुळे सुरुवात तिथूनच व्हायला हवी होती. ती न होण्याचे कारण तंत्रज्ञानात शोधून सापडणार नाही.

डहाणूचाच एक जुना अनुभव या बाबतीत बोलका आहे. केंद्राच्या धुरातल्या गंधकाने चिकूच्या बागा आणि मासेमारी धोक्यात येतील, ही भीती स्थानिकांनी न्यायालयात नेली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून 1996 मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. प्राधिकरणाने 1999 मध्ये गंधक काढणारे यंत्र बसवण्याचा आदेश दिला. यंत्र चालू व्हायला 2007 उजाडले. आठ वर्षे लागली, पण ते बसले, आणि तेही देशातली बहुतेक कोळसा केंद्रे गंधकाचे नाव काढत नव्हती त्या काळात. कंपनीला शक्य नव्हते असे त्यात काहीच नव्हते. टेक्सासात तेलाने जे घडवले आणि नॉर्वेत कराने, ते डहाणूत आदेशाने घडवले. कार्बनसाठी अशा तीनपैकी एकही गोष्ट मुंबईच्या धुराड्यांवर आजवर लागू झालेली नाही.

राज्य सरकारने आणि ऊर्जा कंपन्यांनी आता करायचे काम स्पष्ट आहे. भूकंपाच्या पट्ट्यांपासून दूर, विहिरींच्या पाण्याच्या खूप खाली, दख्खनच्या बेसाल्टात एक चाचणी विहीर खोदावी आणि वालुलाएवढा, हजारभर टनांचा, वायू सोडून पाहावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे गावोगावच्या विहिरींच्या नोंदी आहेत, कराडला खोल विहिरींची प्रयोगशाळा आहे, पवईत माणसे आहेत. चाचणीची सगळी मोजमापे पहिल्या दिवसापासून लोकांना पाहायला खुली असावीत, आणि ज्या गावाच्या जमिनीखाली ती होईल त्या गावाच्या ग्रामसभेला आधी विचारावे.